रिमोट मुका झालाय की बॉक्स बहिरा? स्ट्रीमिंग स्टिकचा रिमोट चालेनासा झाला तर काय काय बघायचं

आधी माझाच बावळटपणा सांगतो. एकदा रात्री स्टिकचा रिमोट अचानक बंद पडला, मी सेल बदलले, थोडा आपटला, परत सेल फिरवून बघितले, काही नाही, मग वैतागून सरळ नवीन रिमोट मागवला. तो आला, त्यात सेल टाकले, आणि तोही चालेना. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला की रिमोट कधी बिघडलेलाच नव्हता, टीव्हीच्या मागची स्टिक हँग होऊन बसलेली. प्लग काढून परत लावला, नवा रिमोट जोडून घेतला आणि दोन्ही रिमोट चालायला लागले.

म्हणून पहिला प्रश्न हा विचारायचा, की रिमोट मुका झालाय का बॉक्स, म्हणजे टीव्हीला लावलेली स्टिक, बहिरी झालीये. बटण दाबल्यावर काही होत नाही हे लक्षण दोन्हीकडे सारखंच दिसतं, पण उपाय पूर्ण वेगळे आहेत आणि आपण नव्वद टक्के वेळा रिमोटलाच बडवत बसतो.

आणि त्याच्याही आधी एक अगदी फालतू वाटेल अशी गोष्ट बघा, टीव्ही बरोबर एचडीएमआय इनपुटवर आहे ना. कुणीतरी टीव्हीच्या रिमोटवरचं सोर्सचं बटण दाबलेलं असतं, स्टिक असते एचडीएमआय दोनला, टीव्ही असतो एकवर, स्क्रीन काळी किंवा नो सिग्नल, आणि घरभर बोंब की रिमोट चालत नाही. घरात दोन टीव्ही आणि दोन सारख्याच स्टिक असतील तर रिमोटची अदलाबदल झाली नाही ना तेही बघा. दिसायला डिट्टो सेम असतात, पण ब्लूटूथ रिमोट फक्त ज्या स्टिकशी जोडलाय तिचंच ऐकतो. तुम्ही हॉलमधे बटणं दाबत असता आणि तिकडे बेडरूममधला टीव्ही आपोआप नाचत असतो. हसू नका, होतं असं.

रिमोट बोलतो कसा ते ओळखा

रिमोट दोन तऱ्हेचे. जुन्या पद्धतीचा म्हणजे आयआर, इन्फ्रारेड. याच्या पुढच्या टोकाला छोटा एलईडी असतो, तो डोळ्याला न दिसणारा प्रकाश फेकतो, साधारण ९४० नॅनोमीटरचा, आणि तो सेकंदाला ३८ हजार वेळा वगैरे लुकलुकतो, त्यामुळे समोरच्या रिसीव्हरला खोलीतला बाकीचा उजेड आणि रिमोटचा उजेड यातला फरक कळतो. याला समोरासमोर नजर लागते. मधे सोफ्याची पाठ, फुलदाणी, साउंडबार काही आलं की संपलं.

दुसरा प्रकार रेडिओवाला, म्हणजे बहुतेक ठिकाणी ब्लूटूथ, आणि रोकू कंपनीच्या स्टिकच्या व्हॉइस रिमोटमधे वायफाय डायरेक्ट, म्हणजे मधे राउटर न घेता थेट स्टिकशी बोलणारं वायफाय. याला समोर धरायची गरज नसते, उशीखालूनही चालतो. (रोकू असेल तर फोनच्या वायफाय यादीत डायरेक्ट रोकू असं काहीतरी नाव दिसतं, ते शेजाऱ्याचं नाही, तुमच्या रिमोटसाठीच आहे, त्याला हात लावू नका.) टीव्हीच्या मागे लपून बसणाऱ्या जवळजवळ सगळ्या स्टिक या प्रकारातल्या, कारण तिथे प्रकाश पोचणारच नाही.

आता गंमत अशी की हल्लीचे बरेच रिमोट दोन्ही भाषा बोलतात. फायर टीव्ही स्टिकचा किंवा गूगल टीव्हीवाल्या क्रोमकास्टचा रिमोट घ्या, होम, बॅक, वर खाली हे सगळं ब्लूटूथवरून स्टिकला जातं, पण टीव्हीचा आवाज आणि टीव्ही चालू-बंद करणं हे बहुतेकदा आयआरने थेट टीव्हीला जातं. यातूनच अर्धं निदान फुकटात होतं. आवाज कमी-जास्त होतोय पण मेनू हलत नाही, म्हणजे सेलमधे जीव आहे, रिमोट जिवंत आहे, फक्त स्टिकशी त्याचं नातं तुटलंय किंवा स्टिक झोपलीये. मेनू हलतोय पण आवाज होत नाही, म्हणजे ब्लूटूथ मस्त आहे, आयआरची बाजू बघायची, ते खाली सांगतो. दोन्ही बंद, तर सेल किंवा रिमोट स्वतः.

आयआर बाहेर पडतोय का हे बघायला फोनचा कॅमेरा चालू करा, रिमोटचं टोक लेन्ससमोर धरा आणि आवाजाचं बटण दाबून ठेवा. स्क्रीनवर जांभळट पांढरा ठिपका लुकलुकताना दिसला की आयआर चालू आहे. बऱ्याच फोनच्या मागच्या कॅमेऱ्याला हा प्रकाश अडवणारा फिल्टर असतो, त्यामुळे नाही दिसलं तर सेल्फी कॅमेऱ्याने बघा, आणि आधी दुसऱ्या चालू रिमोटवर करून बघा म्हणजे तुमच्या फोनला दिसतं की नाही ते कळेल. ब्लूटूथच्या बटणांना मात्र ही परीक्षा लागू नाही हां, होमचं बटण दाबून ठिपका नाही दिसला म्हणून रिमोट मेला असं समजू नका.

बॉक्स बहिरा आहे का

याची सगळ्यात सोपी परीक्षा म्हणजे फोनमधलं रिमोट ॲप. फायर टीव्हीचं ॲप आहे, रोकूचं आहे, गूगल टीव्हीचं आहे, ॲपल टीव्हीसाठी तर आयफोनच्या कंट्रोल सेंटरमधेच रिमोट येतो. फोन आणि स्टिक एकाच वायफायवर असायला हवेत. ॲपमधून मेनू हलला म्हणजे स्टिक ठणठणीत आहे, दोष रिमोटचा किंवा जोडणीचा. ॲपमधूनही काही हलत नसेल तर रिमोट सोडा आणि स्टिककडे बघा.

स्टिक रीस्टार्ट करायची तर भिंतीतून प्लग काढायचा, एक मिनिट थांबायचं, परत लावायचा. टीव्ही बंद-चालू करून काही होत नाही, टीव्हीची स्क्रीन विझते, स्टिक आत चालूच असते. आणि एक मिनिट म्हणजे खरंच एक मिनिट, पाच सेकंदात परत खुपसलं तर आतली वीज पूर्ण उतरलेलीच नसते. चालू झाल्यावर होम स्क्रीन पूर्ण येईपर्यंत बटणांना हात लावू नका.

इथेच पॉवरचं बोलून घेतो, कारण ही चूक मी खूप घरांत बघितलीये. स्टिकसोबत आलेला ॲडॅप्टर बाजूला ठेवून लोक स्टिक टीव्हीच्याच यूएसबी पोर्टला लावतात, वायर लपते, छान दिसतं. पण साधा यूएसबी २ पोर्ट अर्ध्या अँपिअरसाठी बनलेला असतो आणि बऱ्याच स्टिकना एक अँपिअर किंवा जास्त लागतो. मग स्टिक अर्धपोटी चालते, मधेच रीस्टार्ट होते, अडखळते, आणि आपण म्हणतो रिमोट खराब. सोबत आलेला ॲडॅप्टरच लावा.

अजून एक फसवा प्रकार म्हणजे स्टिक ऐकते पण उशिरा. स्टोरेज गच्च भरलंय, टीव्हीच्या मागे तापलीये, बॅकग्राउंडला अपडेट चाललाय, तर बटण दाबल्यावर चार-पाच सेकंदांनी हलते. आपण तोवर दहा वेळा दाबलेलं असतं आणि मग ती दहाच्या दहा एकदम करते, भलतंच काहीतरी उघडतं. असं होत असेल तर रिमोटला शिव्या देऊ नका, न लागणारी ॲप्स उडवा, ॲप्सचा कॅशे (त्यांनी साठवलेला तात्पुरता डेटा) साफ करा, स्टिकला हवा लागेल असं करा.

सेल, सेल आणि सेल

माहितीये, तुम्ही सेल बदललेत. पण कुठले? ड्रॉवरमधे पडलेले का? ब्लूटूथ रिमोटला सिग्नल पाठवताना क्षणभर जास्त करंट लागतो, आणि थकलेला सेल तेवढ्या क्षणापुरताच बसतो. म्हणून घड्याळात महिनोन्महिने चालणारा सेल रिमोटमधे ढिम्म होतो, आणि आपण म्हणतो सेल तर चालू आहेत. मल्टिमीटर असेल तर नवा अल्कलाइन सेल १.५ व्होल्टच्या वर दाखवतो, १.३ च्या आसपास आला असेल तर रिमोटमधून काढा. रिचार्जेबल निकेलवाले सेल मुळातच १.२ व्होल्टचे, बऱ्याच रिमोटमधे चालतात पण काही रिमोट त्यांच्यावर रुसतात, त्यामुळे तपासणी करताना तरी नवे अल्कलाइन टाका, दोन्ही एकाच पॅकमधले. एक नवा एक जुना अशी जोडी लावू नका, जुना नव्यालाही घेऊन बुडतो.

सेल टेबलावर उभा टाकून उसळला की संपलेला, ही युक्ती सगळ्यांना माहीत असते. प्रिन्स्टन विद्यापीठात २०१५ साली हे तपासून बघितलं होतं, तर अल्कलाइन सेल साधारण अर्धा उरलेला असतानाच पूर्ण उसळायला लागतो. म्हणजे उसळला तर नवा नाही एवढंच कळतं, किती शिल्लक आहे ते नाही.

सेलच्या खाचेत टॉर्च मारून बघा. स्प्रिंगवर पांढरट किंवा हिरवट खर साठली असेल तर सेल लीक झालाय. अल्कलाइन सेलमधून येतं ते पोटॅशियम हायड्रॉक्साइड, बोटाला झोंबतं, डोळ्याला तर अजिबात लावू नका, हातमोजे घालून काम करा. सेल काढून टाका, कानाच्या काडीवर थोडं व्हिनेगर किंवा लिंबाचा रस घेऊन ती खर पुसा, थोडं फसफसेल, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून पूर्ण वाळू द्या. पत्र्याची पट्टी दबून आत गेली असेल तर चिमट्याने हलकेच पुढे ओढा, बऱ्याचदा सेल टेकतच नसतो. नवीन रिमोट असेल तर सेलखाली प्लास्टिकची पारदर्शक पट्टी राहिली नाही ना बघा. आणि अधिक-उणे, हो, ते पण बघा, घाईत उलटे जातात.

सेल बाहेर असतानाच दोन-चार बटणं दाबून ठेवा दहा-पंधरा सेकंद, म्हणजे आत उरलीसुरली वीज निघून जाते आणि रिमोटची चिप कोरी होऊन सुरू होते. रिमोट स्वतःही हँग होतो हे लोकांच्या डोक्यातच येत नाही.

ॲपल टीव्हीच्या सिरी रिमोटला सेलच नसतात, तो केबलने चार्ज होतो, अर्धा तास लावून ठेवा आणि मग बोला.

परत जोडणी करणं

सेल ताजे, स्टिक जागी, तरी मेनू हलत नाही, तर पेअरिंग तुटलंय. अपडेटनंतर किंवा वीज गेल्यावर कधीकधी होतं असं. स्टिकच्या जवळ जा, अगदी हातभर अंतरावर, आणि मगच करा.

फायर टीव्हीला होमचं बटण दहा सेकंद दाबून ठेवायचं, बऱ्याचदा एवढ्यावर भागतं. नाही भागलं तर रिमोट रीसेट करायचा, आणि यात क्रम महत्त्वाचा आहे. स्टिकचा प्लग काढा, मिनिटभर थांबा. मग रिमोटवरचं डावीकडचं बटण, तीन रेघांचं मेनू बटण आणि बॅक, ही तिन्ही एकत्र बारा सेकंद दाबून ठेवा. सोडा, पाच सेकंद थांबा, सेल काढा. आता स्टिकचा प्लग लावा, परत मिनिटभर थांबा, सेल टाका आणि होम दाबा. लाइट निळा लुकलुकला तर जमलं, नाहीतर परत होम दहा सेकंद. काही मॉडेलच्या रिमोटला ही बटणांची जोडी वेगळी असते, त्यामुळे काहीच घडलं नाही तर तुमच्या मॉडेलची पद्धत कंपनीच्या हेल्प पेजवर बघून घ्या. तीन बटणं एका हाताने धरणं ही कसरत आहे, रिमोट टेबलावर ठेवून दोन्ही हातांनी करा. आणि एका फायर टीव्हीला जास्तीत जास्त सात रिमोट जोडता येतात, जुने मेलेले रिमोट यादीत साठले असतील तर सेटिंग्जमधून काढून टाका.

रोकूच्या व्हॉइस रिमोटला सेलच्या झाकणाआड बऱ्याचदा छोटं पेअरिंगचं बटण असतं. रोकूचा प्लग काढायचा, रिमोटचे सेल काढायचे, प्लग लावायचा, होम स्क्रीन आली की सेल टाकून ते बटण लाइट लुकलुकेपर्यंत साधारण पाच सेकंद दाबायचं, आणि मग अर्धा मिनिट शांत बसायचं. रोकूचा साधा आयआर रिमोट असेल तर पेअरिंग वगैरे भानगडच नाही, फक्त समोर काही अडथळा नको.

गूगल टीव्हीवाल्या क्रोमकास्टला बॅक आणि होम एकत्र धरायचं, रिमोटचा लाइट मंद लुकलुकायला लागेपर्यंत. बाकीच्या अँड्रॉइड टीव्ही बॉक्सना पण अशीच दोन बटणांची जोडी असते, मॉडेलप्रमाणे वेगळी, सुरुवातीच्या सेटअपच्या स्क्रीनवर तिचं चित्र येतं.

ॲपल टीव्हीला रिमोट बॉक्सपासून आठेक सेंटिमीटरवर धरून बॅक (जुन्या रिमोटवर मेनू) आणि आवाज वाढवायचं बटण पाच सेकंद. त्याआधी रिमोटच रीस्टार्ट करून बघा, टीव्हीचं चित्र असलेलं बटण आणि आवाज कमीचं बटण पाचेक सेकंद एकत्र धरा, बॉक्सवरचा लाइट विझून परत लागला की सोडा आणि दहा सेकंद काहीही दाबू नका.

कधी चालतो कधी नाही, असा असेल तर

हे सगळ्यात डोकं खाणारं. ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झवर चालतो, त्याच पट्ट्यात वायफाय, मायक्रोवेव्ह ओव्हन, वायरलेस माउस, सगळी गर्दी. वर स्टिक टीव्हीच्या पाठीला चिकटलेली, म्हणजे पुढे अख्खा पत्रा आणि पॅनेल आडवं. एचडीएमआयची छोटी एक्स्टेन्शन केबल लावून स्टिक टीव्हीच्या कडेला काढा, मी म्हणेन सेलनंतरचा सगळ्यात गुणी उपाय हाच आहे, बऱ्याच स्टिकच्या खोक्यात ती केबल येते आणि लोक ती न उघडता फेकून देतात.

जवळ यूएसबी ३ ची हार्ड डिस्क असेल तर ती लांब करा. यूएसबी ३ च्या वायरीतून आणि कनेक्टरमधून २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास रेडिओचा गोंगाट गळतो, इंटेलने २०१२ मधे यावर सविस्तर पेपरच काढला होता. राउटर स्टिकला खेटून ठेवला असेल तर तोही थोडा सरकवा, आणि स्टिकला ५ गिगाहर्ट्झचं वायफाय चालत असेल तर तिकडे न्या. वायफाय स्टिकच्या बाजूने मोकळं झालं की ब्लूटूथला श्वास घ्यायला जागा मिळते.

आयआर रिमोट अधूनमधून चालत असेल तर वेगळं बघायचं. रिसीव्हरवर थेट ऊन पडतंय का, त्याच्यासमोर एखादा लुकलुकणारा दिवा आहे का, टीव्हीच्या त्या खिडकीवर धूळ किंवा स्टिकर आहे का. संध्याकाळी ठराविक वेळेलाच बंद पडतो असं असेल तर ऊनच असतं बहुतेक.

फक्त एक-दोनच बटणं चालत नसतील तर प्रश्न यांत्रिक. बटणाखाली रबराची पट्टी, तिच्या पोटाला काळा कार्बनचा ठिपका, तो सर्किटवर टेकला की बटण लागतं. चहा सांडला, बोटांचं तेल गेलं की टेकत नाही. उघडता येणारा रिमोट असेल तर अल्कोहोलने हलकेच पुसा, कार्बन घासू नका, तो निघून येतो. आणि एखादं बटण आतच अडकून राहिलं असेल तर रिमोट सतत तेच बोलत राहतो, बाकीचं कुठलंच बटण लागत नाही आणि सेल दोन दिवसात संपतात. सेल भराभर संपत असतील तर आधी सगळी बटणं कडेने दाबून बघा, कुठलं वर येत नाही ते.

फक्त आवाज किंवा टीव्ही चालू-बंद होत नसेल तर स्टिकच्या सेटिंग्जमधे टीव्ही कंट्रोलचा भाग असतो, तिथे टीव्हीचा ब्रँड परत निवडा. आवाज साउंडबारवर गेलाय आणि रिमोट अजून टीव्हीशीच बोलतोय, हे पण होतं.

रिमोटशिवाय तोवर चालवायचं कसं

ॲप आहेच. पण ॲपला वायफाय लागतं, आणि क्लासिक पेच म्हणजे राउटर बदलला, स्टिक जुन्याच वायफायला शोधतेय, रिमोट मेलाय, मग नवीन वायफाय निवडणार कशाने? यावर युक्ती अशी, एका फोनवर हॉटस्पॉट चालू करा आणि त्याला जुन्या वायफायचंच नाव आणि जुनाच पासवर्ड द्या, अक्षर न अक्षर तेच, कॅपिटल-स्मॉल, स्पेस सगळं. बँड २.४ गिगाहर्ट्झ ठेवा, आयफोन असेल तर मॅक्सिमाइझ कम्पॅटिबिलिटी चालू करा. स्टिक बिचारी जुनं घर समजून येऊन चिकटते. मग दुसऱ्या फोनला त्याच हॉटस्पॉटवर आणा, त्यातलं रिमोट ॲप उघडा, टीव्हीवर कोड आला तर टाका, आणि सेटिंग्जमधे जाऊन खरं वायफाय निवडा. दोन फोन लागतात, म्हणून घरातल्या कुणाला तरी पटवा.

दुसरा मार्ग टीव्हीचाच रिमोट. एचडीएमआय सीईसी नावाची सोय असते, तिच्यातून टीव्हीच्या रिमोटचे बाण आणि ओके स्टिकला पोचतात. टीव्हीच्या सेटिंग्जमधे हे नाव सापडणार नाही, कारण प्रत्येक कंपनीने वेगळं बारसं केलंय, सॅमसंगकडे एनीनेट प्लस, एलजीकडे सिंपलिंक, सोनीकडे ब्राविया सिंक, पॅनासॉनिककडे व्हिएरा लिंक. बॉक्सला यूएसबी पोर्ट असेल आणि तो अँड्रॉइडवाला असेल तर साधा यूएसबी माउस पण खुपसून बघा, बाण येतो स्क्रीनवर आणि काम होतं.

फॅक्टरी रीसेट एकदम शेवटी. सगळी ॲप्स, लॉगिन उडतात, आणि परत सगळे पासवर्ड एकेक अक्षर करत भरायला रिमोट लागतोच, तोच तर नाहीये. ॲपमधून किंवा सीईसीने स्टिक व्यवस्थित चालत असेल तर फॅक्टरी रीसेटचा मोह टाळा, स्टिकचा दोष नाहीच आहे.

एवढं करूनही नव्या सेलवर लाइट लागत नाही, कॅमेऱ्यात ठिपका नाही, पेअरिंग होत नाही, तर मग घ्या नवीन. घेताना तुमच्या स्टिकचं नेमकं मॉडेल आणि पिढी बघून घ्या, सारखा दिसतो म्हणून चालेलच असं नाही. आणि नुसता आयआरवाला युनिव्हर्सल रिमोट स्टिकला बहुतेकदा उपयोगाचा नाही, तिला डोळाच नसतो. नवा आला की आधी ॲपमधून सेटिंग्जमधे जाऊन नवीन रिमोट जोडा म्हणा, म्हणजे बटणांच्या कसरती वाचतात, आणि जोडल्यावर त्याचं स्वतःचं अपडेट येतं ते दोन मिनिटं होऊ द्या.

माझा तो फुकट मागवलेला दुसरा रिमोट अजून ड्रॉवरमधे आहे, जोडलेला आहे, फक्त त्यातले सेल काढून ठेवलेत.